लेखणीची सेवा : होतकरू ख्रिस्ती लेखकांशी हितगूज

नाताळच्या आदल्या रात्री गावोगावच्या चर्चमध्ये आणि ख्रिस्ती घरांच्या ओसरीवर गव्हाणीचा देखावा उभा राहतो. गवताने शाकारलेले छप्पर, त्याखाली मरिया आणि योसेफ, मधोमध कापडात गुंडाळलेले बाळ आणि रानातून धावत आलेले मेंढपाळ. हे दृश्य लहानपणापासून आपल्या डोळ्यांत इतके भरलेले असते, की ते आपल्यापर्यंत कोणी पोहोचविले, हा प्रश्नच मनात येत नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्कच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची हकीकत नाही. योहान शब्दाच्या मानवदेह धारण करण्याचे रहस्य सांगतो, परंतु जन्माच्या रात्रीचा प्रसंग रंगवीत नाही. मत्तयाने तारा आणि पूर्वेकडून आलेले मागी लोक यांची नोंद केली. उतारशाळेत न मिळालेली जागा, गव्हाणी आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ मात्र एकट्या लूकने लिहून ठेविले. उधळ्या पुत्राचा आणि दयाळू शोमरोन्याचा हे दृष्टान्तही त्याच्याच शुभवर्तमानात आढळतात. त्याने लेखणी हाती घेतली नसती, तर आपला नाताळ पुष्कळच ओका राहिला असता.

म्हणूनच या सणाच्या दिवशी, ज्यांच्या मनात लिहिण्याची ऊर्मी आहे अशा ख्रिस्ती तरुण-तरुणींशी, आणि निवृत्तीनंतर वही उघडून बसलेल्या वडीलधाऱ्यांशीही, चार गोष्टी बोलाव्यात असे वाटते. मंडळीत गाणाऱ्याची सेवा सर्वांना दिसते, शिकविणाऱ्याची दिसते. लिहिणाऱ्याची सेवा एकांतात चालते. तिला शिस्त कोणती, धोके कोणते आणि तिचे माप कोणते, याचा विचार फारसा होत नाही.

लूकचा पाठ

लूक वैद्य होता, असे पौलाच्या पत्रावरून समजते. आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच त्याने स्वतःच्या लेखनाची रीत थोडक्यात सांगितली आहे, आणि ती आजच्या लेखकालाही वाटाड्याप्रमाणे उपयोगी पडावी. आपल्या आधी अनेकांनी हा वृत्तांत लिहावयास घेतला आहे, हे तो प्रांजळपणे मान्य करतो. तरीही आपण लिहिणे योग्य आहे, असे त्याला वाटते. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्या साक्षीवर तो विसंबतो. मुळापासून कसून चौकशी करून मग तो अनुक्रमाने लिहितो. आणि हे सारे तो थियफिल नावाच्या एका वाचकाला उद्देशून लिहितो.

या चार गोष्टींत लेखनकलेचे पुष्कळसे सार आहे. ‘हा विषय तर होऊन गेला’ या भीतीने थांबू नये. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी. प्रसंगांची मांडणी अशी करावी, की वाचकाला वाट चुकल्यासारखे होऊ नये. आणि ‘समस्त मानवजाती’साठी लिहिण्याऐवजी एका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवावा. तो चेहरा आपल्या आत्याचा असेल, कारखान्यात शेजारी काम करणाऱ्या मित्राचा असेल किंवा चर्चची पायरी कधीही न चढलेल्या शेजाऱ्याचा असेल. त्याला कोणता शब्द कळणार नाही, कोणत्या ठिकाणी त्याला शंका येईल, हे मनाशी विचारले म्हणजे निम्मे लेखन आपोआप सुधारते.

चौकशीची सवय किती अगत्याची आहे, हे नाताळच्याच उदाहरणाने सांगता येईल. ‘तीन राजे’ बाळाला भेटावयास आले असे आपण सर्रास लिहितो. मत्तयाने त्यांची संख्या दिलेली नाही, आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. तीन भेटींवरून पुढे परंपरेने तीन ही संख्या धरली. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढव जन्मकथेत नाहीत. २५ डिसेंबर ही तारीखही शुभवर्तमानांत नाही. परंपरा त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे; शतकानुशतकांच्या भक्तीने ती घडविली आहे. परंतु शास्त्रवचन कोणते आणि परंपरा कोणती, हे लेखकाला ठाऊक असलेच पाहिजे. जो वाचकाला लहान गोष्टीत अचूक सांगतो, त्याच्यावर वाचक मोठ्या गोष्टीत विश्वास ठेवतो.

भाषेची सेवा

ख्रिस्ती श्रद्धेला मराठी वाणी मिळून आता चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचण्यासाठी त्यांनी येथल्या लोकांच्या कानात घोळत असलेला ओवी छंद स्वीकारला, पुराणाची घडण स्वीकारली आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही वापरला. परक्या देशातून आलेल्या या माणसाने मराठीची जी मनःपूर्वक स्तुती केली, तिचा उल्लेख केल्यावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास आजही पुढे सरकत नाही. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांच्या वाणीत आधी आपण विद्यार्थी व्हावे लागते, हा त्यांचा आदर्श आहे.

हा आदर्श पुढे सर्वांनाच पेलला असे नाही. १८११ मध्ये सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार प्रसिद्ध केला आणि नंतरच्या काळात मिशनांच्या छापखान्यांतून असंख्य पुस्तके बाहेर पडली. त्यांनी मराठी गद्याला चालना दिली हे खरेच. परंतु इंग्रजी वळणाच्या वाक्यांमुळे त्यांतील काही लेखनाला ‘मिशनरी मराठी’ असे नावही पडले. होतकरू लेखकाने हा टोमणा रागावून झटकून टाकू नये. आपल्या साक्षीत, प्रवचनात आणि मंडळीच्या वार्तापत्रात आजही अशी वाक्ये सापडतात, जी मराठीच्या ओठांवर कधी आलेलीच नसतात. लिहून झालेला मजकूर मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य परके आहे, असे खुशाल समजावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवावे. संस्कृत विद्येसाठी ज्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हणून गौरविले, त्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढे पांडित्य पदरी असूनही, अल्पशिक्षित बायकांना समजेल अशी साधी मराठी हेच त्यांचे लक्ष्य होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले; संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्ञान पुष्कळ मिळवावे आणि शब्द सोपा ठेवावा, हा त्यांचा धडा ज्याला जमला त्याची लेखणी वाया जाणार नाही.

तारण, कृपा, प्रायश्चित्त, पवित्रीकरण हे आपले नित्याचे शब्द आहेत. मंडळीबाहेरच्या वाचकाला ते बंद पेटीसारखे वाटतात, आणि कित्येकदा मंडळीतल्या वाचकालाही त्यांची किल्ली सापडत नाही. येशूने देवराज्य समजावून सांगताना मोहरीचा दाणा, पिठातील खमीर, शेतात पेरणी करणारा शेतकरी आणि हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई यांचा आधार घेतला. ‘कृपा’ या शब्दावर दोन पाने लिहिण्याऐवजी, बाकी चुकविण्याची ऐपत नसलेल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर मुकाट्याने रेघ ओढणाऱ्या किराणा दुकानदाराची गोष्ट सांगितली, तर तीच कृपा वाचकाच्या हाती लागते.

साक्ष खरी असावी

ख्रिस्ती लेखकाचे पहिले लेखन बहुधा स्वतःच्या साक्षीचे असते. येथेच मोठी कसोटी लागते. मी अंधारात होतो, प्रार्थना केली आणि सर्व काही ठीक झाले, अशा तीन पायऱ्यांत आयुष्य बसविण्याचा मोह फार होतो. परंतु ही साक्ष वाचणाऱ्यांत अशी एखादी आई असते, जिने तितकीच कळकळीची प्रार्थना केली आणि तरीही तिचे मूल वाचले नाही. आपल्या गुळगुळीत वाक्याने तिच्या विश्वासावर आणखी एक घाव बसतो. एखादा रुग्ण आपली साक्ष वाचून औषध सोडून देण्याचाही संभव असतो. म्हणून आजारातून उठल्याचे लिहिताना डॉक्टरांचे नाव जरी नाही, तरी त्यांचे उपचार लिहावेत. प्रार्थनेचे उत्तर मिळाले नसेल तर तेही लिहावे. स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकाच आक्रोशही आहे. जे दुःख पवित्र शास्त्राने लपविले नाही, ते आपण का लपवावे?

खरेपणाची शक्ती किती असते, हे लक्ष्मीबाई टिळकांनी मराठीला दाखवून दिले. शाळेत न गेलेल्या या बाईला पतीने घरीच अक्षरओळख करून दिली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. त्यांनी स्वतः ख्रिस्ताचा स्वीकार केला तो पाच वर्षांनंतर, १९०० साली. या मधल्या काळातील ताटातूट, संताप, सोवळ्याओवळ्याचे बंध आणि ते हळूहळू गळून पडणे, हे सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त जसेच्या तसे ठेविले. आपल्या पतीच्या विक्षिप्तपणाचे वर्णन करताना त्यांनी हात आखडता घेतला नाही आणि स्वतःची थट्टा करताना तर मुळीच नाही. १९३४ सालापासून चार भागांत निघालेले हे आत्मचरित्र सर्व धर्मांच्या वाचकांनी आपले मानले. उपदेश करण्याचा खटाटोप त्यात नाही. परंतु श्रद्धेने एका घराचे काय केले, हे वाचकाला त्यातून जितके उमगते तितके अनेक उपदेशग्रंथांतून उमगत नाही.

बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. त्या पुस्तकाचा विषय होता विधवांची दुःस्थिती. आपल्या समाजाबाहेर पडलेल्या माणसाने त्याच समाजातील सर्वांत दुबळ्यांची बाजू मांडावी, यात ख्रिस्ती लेखनाचे एक खरे लक्षण दिसते. आज आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीतही असे कोण आहे ज्याचे गाऱ्हाणे कोणी लिहिलेले नाही, हा प्रश्न लेखकाने नाताळच्या निमित्ताने स्वतःला विचारावा. जन्माची पहिली वार्ता मेंढपाळांना मिळाली, याची नोंद लूकने उगाच केलेली नाही.

शेजारधर्म

आपण लिहितो ती भाषा संतांनी घडविलेली आहे. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्ती गायिली ती अभंगात, आणि तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणी सांगत. त्यामुळे त्यांची निष्ठा पातळ झाली नाही. उलट तिला या मातीचा गंध आला. आपल्या श्रद्धेचा दिवा उजळ दिसावा म्हणून शेजाऱ्याच्या दिव्यावर फुंकर घालण्याची गरज नसते. दुसऱ्याच्या धर्माविषयी लिहिणे भागच पडले, तर त्या धर्माच्या माणसाला वाचून दाखविता येईल असेच लिहावे. एवढी एक कसोटी लावली तरी अनेक कटू वाक्ये कागदावर येण्यापूर्वीच गळतील.

ही वाट नेहमी सुखाची असते असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा धर्मगुरू असलेल्या लेखकाच्या निवडीला काही ठिकाणांहून विरोधही झाला. परंतु वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनात घालविलेली वर्षे आणि साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळविणारे ‘सुबोध बायबल’ हे काम त्यांच्या पाठीशी होते. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. प्रार्थनामंदिरात आणि साहित्यमंदिरात एकाच आवाजात बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आपण केवळ आपल्या मंडळीसाठी लिहावे की सर्वांसाठी, अशा संभ्रमात पडलेल्या नव्या लेखकाने हे ध्यानी घ्यावे.

परत आलेले लिखाण

लिखाण परत येणे हा नव्या लेखकाचा सर्वांत मोठा घाव असतो. यिर्मयाच्या पुस्तकातील छत्तिसावा अध्याय अशा वेळी अवश्य वाचावा. संदेष्ट्याने सांगितलेली वचने बारूखाने शाईने गुंडाळीवर लिहून घेतली. थंडीचे दिवस होते. राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून होताच तो तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. अशी सगळी गुंडाळी जळून गेली. त्यानंतर यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाने पहिला सर्व मजकूर पुन्हा लिहिला आणि त्यात आणखी पुष्कळ वचनांची भरही पडली. दुसरी प्रत पहिल्यापेक्षा मोठी झाली, ही गोष्ट विशेष.

संपादक हा काही यहोयाकीम नसतो. त्याच्यापाशी जागा थोडी आणि वेळ त्याहून थोडा असतो. ‘देवानेच माझ्याकडून हे लिहविले आहे, म्हणून एक शब्दही बदलू नये’ असे पत्र सोबत जोडणारे लेखक विरळ नाहीत. प्रेरणा देवाची असेल, परंतु शुद्धलेखनाच्या चुका आपल्याच असतात. पौलाच्या रोमकरांस पत्रातही ते लिहून घेणाऱ्या तर्तियाचा नमस्कार आहे. इतरांच्या हातांची मदत घेण्यात प्रेरितालाही कमीपणा वाटला नाही. सुधारणा सुचविणाऱ्याचे आभार मानावेत, मजकूर महिनाभर बाजूला ठेवावा आणि नव्या डोळ्यांनी पुन्हा लिहावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी

आता थोडे व्यवहाराचे. रोज ठरलेल्या वेळी लिहावयास बसावे. अर्धा तास पुरे, परंतु तो चुकवू नये. आरंभी प्रार्थना करावी आणि मग खरोखरच लिहावयास लागावे. प्रार्थना ही आळसाची आडवाट होऊ देऊ नये. पवित्र शास्त्राची निदान दोन मराठी भाषांतरे जवळ ठेवावीत. वचनाचा आधार दिल्यास पुस्तक, अध्याय, ओवी आणि भाषांतराचे नाव तपासून लिहावे. स्मरणावर भिस्त ठेवू नये.

नाताळचा लेख डिसेंबरात पाठवून उपयोग नसतो; विशेष पानांची आणि अंकांची जुळवाजुळव कितीतरी आधी सुरू होते. ऑक्टोबरअखेर मजकूर संपादकाच्या हाती पडावा. त्याने शब्दमर्यादा सांगितली असेल तर ती पाळावी. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावा आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. भ्रमणध्वनीवर बोलून मजकूर उतरवून घेण्याची सोय आता झाली आहे. वृद्ध मंडळींना ती वरदानच आहे, मात्र तिने केलेल्या चुका डोळ्यांत तेल घालून काढाव्या लागतात.

दुसऱ्याचे गीत किंवा उतारा घेताना हक्काचा विचार करावा. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. १९१९ साली निवर्तलेल्या टिळकांच्या त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता म्हणूनच आज मुक्त आहेत. अलीकडच्या गीतकाराची संमती मात्र घ्यावीच लागते, मग ते गीत दर रविवारी चर्चमध्ये गायिले जात असले तरी. त्याचप्रमाणे मंडळीतील जिवंत माणसाची कहाणी त्याच्या परवानगीवाचून छापू नये. प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेले दुःख हे लेखाचे साहित्य नव्हे.

पुस्तक काढण्याची घाई करू नये. पैसे आगाऊ मागणाऱ्या प्रकाशकाशी करार वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. प्रती किती, विक्री कोण करणार, उरलेले गठ्ठे कोणाच्या घरी जाणार, हे लिहून घ्यावे. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी कोणी भरमसाठ रक्कम मागितल्यास सावध व्हावे. आधी मंडळीचे वार्तापत्र, मासिके, वर्तमानपत्रांची स्थानिक पाने येथे हात बसवावा. १८४२ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’ने पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखकांना लिहिण्याची जागा दिली, टिळकांनीही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले. नियतकालिकाच्या छोट्या चौकटीत लिहिणे हे कमी प्रतीचे काम आहे, असे त्यांनी मानले नाही.

या नाताळात एक पान

शेवटी एक विनंती. आपल्या घरात किंवा शेजारी ऐंशी ओलांडलेले कोणी असेल. त्यांना त्यांच्या आठवणीतला पहिला नाताळ विचारावा. तेव्हा चर्चला चालत किती लांब जावे लागे, कंदील कोणाचा होता, करंज्यांसाठी साखर मिळत असे की गुळावर भागवावे लागे, कोणती गीते गायिली जात, दुष्काळात किंवा साथीत मंडळीने एकमेकांना कसे धरून ठेविले, हे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. वसईची बोली असो, नगरची असो वा मराठवाड्याची असो, ती सुधारण्याच्या फंदात पडू नये. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. चर्चच्या नोंदवहीत आपल्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख सापडेल. त्या दिवशी पाऊस होता आणि पणजीने रडून घर डोक्यावर घेतले होते, हे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही.

बेथलेहेमात त्या रात्री जे घडले ते सर्व मरियेने आपल्या अंतःकरणात जपून ठेविले आणि त्यावर ती मनन करीत राहिली, असे लूक सांगतो. तिच्याच तोंडून त्याला ही हकीकत कळली असावी, असे परंपरा मानते. वर्षानुवर्षे एका आईच्या मनात राहिलेली गोष्ट कोणीतरी आदराने विचारली, ऐकून घेतली आणि लिहून ठेविली, म्हणून आज आपण गव्हाणीपुढे मेणबत्ती लावू शकतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या अंतःकरणात असे पुष्कळ काही जपलेले आहे. त्यांना विचारण्यासाठी पुढच्या नाताळाची वाट पाहू नये.